हेटी फील्डनचा अखेरचा जोड

टेंटर स्ट्रीटमध्ये माणूस जन्माला कोणाच्याही हातावर आलेलं असो, जायचं ते हेटी फील्डनच्याच हातून. गल्लीत कोणी डोळे मिटले, की पाद्रीबाबांच्या आधी हेटीच्या दारावर थाप पडायची. हेटी हातातलं काम टाकायची, धुतलेला पांढरा एप्रन पिशवीत घालायची आणि चालू लागायची. मयताला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, जबडा बांधायचा, पांढऱ्या चादरीवर निजवायचं आणि मग घरच्यांना आत बोलवायचं. हे सगळं करताना ती मयताशी गप्पा मारायची. "जरा कुशीवर वळा बघू, मिस्टर शॉ. झालंच आता." नवख्या माणसाला ते ऐकून कसंतरीच व्हायचं. पण आपला बाप शेवटच्या आंघोळीलाही "मिस्टर शॉ" म्हणवून घेतोय, हे शॉच्या पोरी पुढे जन्मभर विसरल्या नाहीत.

पैसे ती घ्यायची नाही. कोणी चहाची पुडी द्यायचं, कोणी अंडी, आणि ज्यांच्याकडे काहीच नसायचं ते दाराशी उभं राहून नुसतं "बरं, मिसेस फील्डन" म्हणायचे. तेही तिला चालायचं.

आता ती गल्ली उरलेली नाही. नगरपालिकेनं सगळी घरं पाडली आणि हेटीला आठव्या मजल्यावर एक फ्लॅट दिला. तिथे हवा भरपूर, ऊन भरपूर, नळाला गरम पाणी. पण पायरी नाही, कपडे वाळवायची दोरी नाही आणि मेलेल्या माणसाला लिफ्टमधून उभं न्यावं लागतं, हे काही हेटीला पटलेलं नाही. विजेची किटली मात्र तिला आवडते. चकचकीत असते, कधी काळी पडत नाही. किटली उकळायला ठेवली की तिला हटकून लव्हिनिया बॅम्बर आठवते, आणि मग चहा होईपर्यंत ती खिडकीशी एकटीच हसत किंवा डोळे पुसत उभी असते. दोन्हींतलं काय, ते तिचं तिलाही सांगता येत नाही.

लव्हिनिया बॅम्बर समजायला आधी टेंटर स्ट्रीटचा कायदा समजला पाहिजे. गिरणीच्या धुराड्याखाली दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं. धूर सगळ्यांवर सारखाच पडायचा. म्हणूनच कोण किती पांढरं ठेवतं, यावर तिथे माणसाची लायकी ठरत असे. शुक्रवारी प्रत्येक बाई गुडघ्यावर बसून दाराची पायरी धुवायची आणि ओली असतानाच तिच्या कडेला दगड घासून पांढरी रेघ ओढायची. तो दगड भंगारवाला चिंध्यांच्या बदल्यात द्यायचा. ज्या घराची रेघ वाकडी, त्या घरचं सगळंच वाकडं. सोमवारी कपडे. मागच्या बोळात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या लागायच्या आणि त्यावर अख्ख्या गल्लीची अब्रू फडफडायची. कोणाची उशीची खोळ किती वेळा रफू झाली, कोणाच्या नवऱ्याला नवी बंडी आली, हे बायकांना तोंडपाठ असायचं. चोराला एक वेळ पोलीस ओळखणार नाहीत, पण चादर कोणाची आहे ते गल्ली ओळखायची.

आणि प्रत्येक घरात खालच्या खणात, निळ्या कागदात गुंडाळलेला एक जोड असायचा. दोन चादरी, उशीच्या खोळी, पांढरे मोजे. तो वापरायचा नाही. घरात कोणी गेलं, तर त्याच्यासाठी. त्याला "अखेरचा जोड" म्हणायचे. घरी खायला नसलं तरी चालेल, पण जोड हवा. कारण मयत पुरेपर्यंत बाहेरच्या खोलीत राहायचं आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं येऊन त्याच्या हाताला हात लावून जायची. बघायची मयताकडे आणि नजर असायची चादरीकडे.

हेटीच्या जोडाचा तर गल्लीत लौकिक होता. तिच्या आईनं चादरीला क्रोशाची कड विणली होती, ओकच्या पानांची. दर वसंतात हेटी तो जोड एकदा उन्हाला घालायची आणि त्या दिवशी बायका काहीतरी निमित्त काढून मागच्या बोळात यायच्या.

अशा गल्लीत माणसं एकमेकांची उणीदुणी काढणार नाहीत तर काय करणार? दिवसातून दहा वेळा कोणीतरी कोणालातरी घाणेरडं म्हणायचं आणि दिवसातून दहा वेळा त्याला एकच उत्तर यायचं, "पातेलं म्हणतं किटलीला, काय गं तू काळी." दोन्ही एकाच कोळशाच्या चुलीवरची, दोन्हींची बुडं सारखीच काळी. उशिरा येणारी बाई दुसरीला उशीर झाला म्हणून बोलली, काढ पातेलं. दारुड्यानं दारुड्याला नाव ठेवलं, काढ किटली. सगळ्यांच्याच घरात चूल असल्यामुळे ही म्हण कधी चुकायची नाही. हेटीच्या तर ती जिभेच्या टोकावर असायची. खरं तर, ही म्हण दुसऱ्याला मारणारं माणूसही त्याच चुलीवरचं असतं, पण हे हेटीच्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

लव्हिनिया बॅम्बर मूळची टेंटर स्ट्रीटची नसून वरच्या आळीची, म्हणजे जिथे दारापुढे चार हात बाग असते तिथली. तिचा नवरा सेथ गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता, मवाळ, खोकणारा, कोणाच्या अध्यामध्यात नसलेला. ती मात्र उंच, ताठ, कोपऱ्यावरच्या दुकानातही हातमोजे घालून येणारी. तिच्या पायरीची रेघ पट्टीनं आखल्यासारखी. समोरच्या खिडकीचे पडदे असे पांढरे, की बघणाऱ्याला स्वतःचे पडदे आठवून लाज वाटावी. आणि कपडे? बॅम्बरबाईंचे कपडे म्हणे शहरातल्या लाँड्रीत जातात. मागच्या बोळात तिची दोरी कधी लागली नाही. लाँड्रीची गाडी गल्लीत कोणी पाहिली नव्हती, पण विचारायची कोणाची टाप होती? तिच्या घरात पाऊल कोणाचं पडलं नव्हतं. कोणी आलंच तर ती दारातच उभी राहायची. गालिचा खराब होईल म्हणून घेत नसेल आत, असं बायका म्हणायच्या.

आणि नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मिसेस कर्शॉचे पडदे राखाडी आहेत, शॉच्या पोरींचे मोजे दोन रंगांचे आहेत. नाकानं कांदे सोलणं म्हणजे काय ते लव्हिनियाकडून शिकावं.

एका शुक्रवारी दुकानात हेटी उभी होती. आदल्या रात्रभर ती एका तान्ह्या पोराच्या मयताला होती आणि पायरी धुवायची राहून गेली होती. डोळे लाल, पोटात अन्न नाही. लव्हिनियानं बेकनची पुडी घेता घेता मिसेस कर्शॉला ऐकवलं, की काही जणींना लोकांची मढी धुवायला वेळ असतो, स्वतःची पायरी धुवायला नसतो.

हेटीच्या मस्तकात तिडीक गेली. ती वळली आणि सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलं का, पातेलं म्हणतं किटलीला काळी. बाहेरून घासलं म्हणजे आतून दिसत नाही होय?"

दुकान खो खो हसलं. लव्हिनियाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं बेकन तसंच गल्ल्याजवळ ठेवलं आणि ती निघून गेली. हेटीला वाटलं, जिंकले. गल्लीलाही तसंच वाटलं. त्या दिवसापासून लव्हिनियाचं नाव "किटली" पडलं. ती रस्त्यानं चालली की पोरं कोपऱ्यावरून शिट्टी मारायची, उकळत्या किटलीसारखी. लव्हिनिया ताठ चालत राहायची. हेटीशी ती पुन्हा बोलली नाही आणि हेटीनंही पुढाकार घेतला नाही. वर्षं गेली.

मग एका नोव्हेंबरच्या सकाळी, धुकं इतकं की समोरची भिंत दिसत नव्हती, हेटीच्या मागच्या दारावर थाप पडली. पुढच्या नाही, मागच्या. हेटीनं दार उघडलं. टोपी, हातमोजे, सगळा सरंजाम घालून लव्हिनिया बॅम्बर बोळात उभी होती.

"मिसेस फील्डन, माझे मिस्टर गेले," ती म्हणाली. "मी दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं. पण दुसरं कोणी नाही."

"आलेच," हेटी म्हणाली, आणि तिनं एप्रन घेतला.

बॅम्बरांच्या दाराच्या आत पहिल्यांदाच गल्लीतलं माणूस जात होतं. गालिचा नव्हता. फरशी होती, घासून घासून झिजलेली. समोरच्या खिडकीचे पडदे सोडले तर घरात पांढरं असं काही नव्हतं. वर खाटेवर सेथ बॅम्बर दोन जुन्या ओव्हरकोटांखाली निजला होता. चादर नव्हती. खाटेखाली बादली होती आणि तिच्यात रक्तानं भिजलेले कापडाचे चौकोन.

हेटीनं अशी घरं पाहिली होती. गल्लीत क्षयानं माणूस गेलं नाही असं घर शोधावं लागलं असतं, आणि तरी प्रत्येक घरात तो शेवटपर्यंत "जरा सर्दी" असायचा. क्षय म्हटलं की शेजारी कप परत करायचे, पोरांना आपल्या पोरांत खेळू द्यायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त इतकी घट्ट झाकलेली मूठ हेटीनं आधी पाहिली नव्हती.

"जोड कुठे आहे?" तिनं विचारलं.

लव्हिनियानं खण उघडला. निळा कागद नीट घडी केलेला होता. आत काही नव्हतं.

"आधी रोजच्या चादरी फाडल्या," ती म्हणाली. "मग टेबलावरची कापडं. मग हा जोड. चौकोन करायचे, त्यांनी खोकलं की चुलीत टाकायचे. धुऊन बाहेर कसे वाळत घालणार? सोमवारी सगळ्यांनी वाचलं असतं."

म्हणजे लाँड्री वगैरे काही नव्हतीच. हेटी बाह्या सरसावून पाणी ओतत राहिली.

लव्हिनिया दारातच उभी होती. "बोला आता," ती म्हणाली. "म्हण तयारच असेल तुमच्या तोंडात. दुकानात बोललात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलंय. खिडकीतून कधीतरी पाहिलंय तुम्ही. कितीतरी रात्री मी वाट पाहिली, की आता गल्लीभर होणार."

"मला काहीही ठाऊक नव्हतं," हेटी म्हणाली. "तोंडात आलं ते बोलले."

"ते मला नंतर कळलं," लव्हिनिया म्हणाली. "ठाऊक असतं तर तुम्ही बोलला नसतात."

हे ऐकून हेटीला जे लागलं, ते कोणाच्या शिवीनंही लागलं नसतं. आयुष्यभर तिनं घराघरांतलं पाहिलं होतं आणि त्यातलं अक्षर उंबऱ्याबाहेर नेलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता. आणि ज्या घरात ती गेलीच नव्हती, तिथे तिनं डोळे मिटून दगड भिरकावला होता आणि तो नेमका लागला होता. पोरांच्या शिट्ट्या आठवून तिला स्वतःची शिसारी आली. तिनं तसं म्हटलंही, पण लव्हिनियाकडे बघून नाही. सेथच्या केसांवरून ओला फडका फिरवत ती म्हणाली, "मिस्टर बॅम्बर, मी फार वाईट वागले तुमच्या बायकोशी." थोड्या वेळानं लव्हिनियानं खाली जाऊन गरम पाण्याची दुसरी बादली आणली आणि सेथला वळवायला हात दिला.

मग हेटी घरी आली आणि आपला खण उपसू लागली. नवरा नॉर्मन, गिरणीतला जॉबर, त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होता. तो निळा कागद बघून चकित झाला. आपल्या घरात कोण मेलंय, त्यानं विचारलं. कोणी नाही, हेटी म्हणाली. मग मी मेलो तर मला कशावर निजवणार?

"तू इतक्यात मरू नकोस," हेटी म्हणाली. "मला वेळ नाहीये."

अडचण एकच होती, ती ओकच्या पानांची कड. ती एकदा दिसली की खेळ खलास. बॅम्बरांकडे बसून हेटीनं कड आत दुमडली आणि बारीक धावदोरा घालून शिवून टाकली. उशीची खोळ उलटी घातली. सेथ बॅम्बर त्या चादरीवर असा देखणा दिसू लागला की लव्हिनियाला पहिल्यांदा रडू आलं. ती भिंतीकडे तोंड करून रडली आणि हेटीनं खिडकीचे पडदे ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी गल्ली आली. इतकी वर्षं ज्या घरात कोणी गेलं नव्हतं, ते बघायला तर दोन्ही बाजूंची गल्ली आली. हेटीनं खुर्च्या आणून ठेवल्या होत्या, येणाऱ्यांसाठी रिवाजाप्रमाणे चहा आणि हॅम मांडलं होतं, आपलाच एक गालिचा मागच्या बोळातून आणून टाकला होता. बायका सेथच्या हाताला हात लावत होत्या आणि डोळ्यांनी चादर मोजत होत्या. मिसेस कर्शॉ म्हणाली, काही म्हणा, लाँड्रीची धुलाई ती लाँड्रीची धुलाई. लव्हिनिया काळ्या कपड्यांत ताठ उभी होती. मिसेस कर्शॉची बोटं चादरीच्या काठाकडे गेली. जाड लागतंय काहीतरी, ती पुटपुटली, आणि काठ उलटायला लागली.

"मिसेस कर्शॉ," हेटी म्हणाली, "तुमचा चहा निवतोय, आणि हॅम संपत आलंय."

हॅमपुढे चादर कुठे टिकते. मिसेस कर्शॉ वळली आणि गोष्ट तिथेच राहिली.

सेथला शवपेटीत ठेवलं, खालचा जोड काढून घेतला आणि त्याला पुरलं. हेटीनं लव्हिनियाला बजावून ठेवलं होतं, की जोड पिशवीत घालून अंधार पडल्यावर मागच्या दारानं आणून दे, मी घरीच उकळून धुते, कोणाला पत्ता लागणार नाही. लव्हिनिया बरं म्हणाली होती. पण पिशवी आली नाही. शनिवार गेला, रविवार गेला.

सोमवारी धुकं फाटून छान वारा सुटला होता. हेटी चिमट्यांची टोपली घेऊन मागच्या बोळात आली. अजून आठव्या मजल्यावर कधी साबणाचा वास आला की तिला ती सकाळ दिसते, सगळ्या दोऱ्या लागलेल्या, सगळ्या बायका बाह्या सरसावून उभ्या. मिसेस कर्शॉच्या तोंडात चिमटा तसाच होता.

लव्हिनिया बॅम्बरनं दोरी बांधली होती. नवीकोरी दोरी, गाठही नीट जमली नव्हती. हातमोजे नव्हते. सोड्यानं हात लाल झाले होते. दोरीवर हेटीची चादर होती आणि धावदोरा उसवलेला होता. ओकची पानं पूर्ण बाहेर, वाऱ्यावर सरळ उभी राहिलेली. शेजारी उशीची खोळ, सुलट बाजूनं. आणि पुढे ओळीनं, एकेका चिमट्यात एकेक, कापडाचे चौकोन. उकळून उकळूनही मधोमध तपकिरी डाग राहिलेले. लव्हिनियानं शेवटचा चौकोन लावला आणि ती दोरीखाली उभी राहिली, कोणी काही बोलेल त्याची वाट बघत.

बोळातल्या प्रत्येक बाईला ते वाचता आलं. मोठ्या शॉबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या थोरल्या पोरीला तीन वर्षं "जरा सर्दी" होती. मिसेस कर्शॉनं तोंडातला चिमटा काढला. ती काहीतरी बोलणार असं हेटीला वाटलं, आणि हेटी तिच्या तोंडाला तोंड द्यायला तयार झाली. पण मिसेस कर्शॉ आपल्या टोपलीत वाकली आणि नवऱ्याच्या बंड्या दोरीवर घालायला लागली. मग बाकीच्याही कामाला लागल्या. त्या दिवसापासून पोरांची शिट्टी ऐकू आली नाही. कोणत्या आईनं कोणाच्या पाठीत घातली, ते कळलं नाही.

दुपारी कपडे वाळले. मोठी चादर एकटीला घडी करता येत नाही, जमिनीला टेकते. लव्हिनिया इतकी वर्षं एकटीनं सगळं करत आलेली, पण ह्या चादरीपुढे तिचं चालेना. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"मिसेस फील्डन, दुसरं टोक धरता का?"

हेटीनं धरलं. दोघींनी चादर ताणली, झटकली. लव्हिनिया ओकच्या पानांवरून बोट फिरवत होती. मग तिचं बोट थांबलं.

"कड पिवळी पडलीय हो," ती म्हणाली. "नीळ कमी घालता तुम्ही. आमच्याकडे असं चाललं नसतं."

हेटीनं तिच्याकडे पाहिलं. म्हण अगदी ओठांपर्यंत आली. लव्हिनियानं ती येताना पाहिली, आणि तिच्या ताठ तोंडावर, कोणाला दिसणार नाही असं काहीतरी हललं.

"म्हणा," ती म्हणाली. "म्हणून टाका एकदा."

हेटीनं नकारार्थी मान हलवली. तिनं आपलं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि घडी घालायला ती लव्हिनियाच्या दिशेनं चालू लागली.